आधी काय? : पुण्यातल्या एका जुन्या भांडणाची टिपणे

टिळक आणि आगरकर यांच्या वयात अवघं नऊ दिवसांचं अंतर. दोघं १८५६ च्या जुलैतले. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, टिळक रत्नागिरीचे. डेक्कन कॉलेजात गाठ पडली आणि सरकारी नोकरीच्या वाटेला जायचं नाही, हे तिथंच ठरलं. मग न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी' आणि 'मराठा', डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज. सगळं पाच-सहा वर्षांत. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते, हे आज सांगितलं की पुष्कळांना आश्चर्य वाटतं. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी १५ ऑक्टोबरला 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

सनातनी आणि सुधारक यांच्या वादाचा विचार मी नेहमी इथून सुरू करतो. दोघांनी तीच पुस्तकं वाचली होती, दोघं एकाच तुरुंगात राहिले होते, देशाची अवस्था दोघांनाही सारखीच सलत होती. तरीही फाटलं. त्या फाटण्यात पगारवाढीचा प्रश्न होता, स्वभाव होते, मानापमान होते. पण हे सगळं बाजूला काढलं तरी मधोमध एक प्रश्न उरतोच: आधी काय? आधी स्वराज्य की आधी घर?

*

डोंगरीच्या तुरुंगाची हकीकत. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'नं आरोप केले, ज्या पत्रांच्या आधारानं केले ती बनावट ठरली, आणि १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं.

खटला चालू असताना दहा हजारांच्या जामिनाची व्यवस्था जोतीराव फुल्यांनी केली, रामशेठ उरवणे यांच्यामार्फत. सुटकेनंतर सत्यशोधकांनी या दोघांचा सत्कार केला. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण न्यू इंग्लिश स्कूलचे मूळ संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या लेखनाची यथेच्छ टवाळी केली होती. ती फुल्यांना माहीत नव्हती असं कसं म्हणावं? तरीही सरकारशी भांडणाऱ्या दोन तरुण संपादकांच्या मागं उभं राहायला त्यांना काही आड आलं नाही. मतभेद कसे सांभाळावेत, याचा याहून चांगला दाखला मला त्या काळात सापडत नाही.

*

आजच्या चौकटी त्या काळावर टाकल्या की गोंधळ उडतो. टिळक राजकारणात जहाल आणि घराच्या बाबतीत जुन्याच्या बाजूचे. रानडे, गोखले घराच्या बाबतीत नव्याच्या बाजूचे आणि राजकारणात मवाळ. आगरकर दोन्हीकडे तिखट. म्हणजे 'जुन्याला धरून राहणारा' आणि 'सरकारला भिडणारा' हा एकच माणूस असू शकतो. 'मुलीला शिकवा' म्हणणारा सरकारशी अर्ज-विनंत्यांनी बोलणारा असू शकतो.

या उलट्यापालट्या जोडण्यांचं कारण आहे. सुधारकांना कायदा हवा होता आणि कायदा करणारं एकच दार होतं, इंग्रजांचं. त्या दाराशी जायचं तर त्याच्याशी सगळीच भांडणं काढून चालत नव्हतं. उलट टिळकांना ज्या लोकांना सरकारविरुद्ध उभं करायचं होतं, त्यांच्या देवघरात हात घालून ते उभे राहणार नव्हते. १८९३-९४ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव, १८९५-९६ पासूनचा शिवजयंतीचा उत्सव यांमागं हाच हिशेब दिसतो. सुधारकांकडं सभा, ठराव, परिषदा, टिळकांकडं रस्ता. हिशेब राजकारणाचा म्हणून पक्का होता. त्याची किंमत मात्र त्यांनी भरली नाही. ती भरली घरातल्या मुलींनी.

*

रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, सासरी नांदायला गेली नाही, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिली. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला: बायकोला माझ्याकडं पाठवा. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपील झालं, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन.

बाईनं भर कोर्टात नवरा नाकारावा, याचा त्या वेळच्या मुंबई-पुण्याला केवढा धक्का बसला असेल! टिळकांच्या पत्रांनी तिच्याविरुद्ध धर्माची बाजू घेतली. आगरकर तिच्या बाजूनं.

पण पिन्हींनी निकालात एक गोष्ट नोंदवली होती, ती या सगळ्या वादाच्या मुळाशी जाते. बायकोला कोर्टामार्फत ओढून आणण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून इथल्या इंग्रजी कायद्यात आलेला होता. म्हणजे मुंबईतली सनातनी मंडळी ज्याला आपला धर्म म्हणून छातीशी धरून बसली होती, ते हत्यार परदेशी बनावटीचं होतं. 'आमच्या घरात परक्या सरकारनं हात घालू नये' असं म्हणणाऱ्यांनी परक्या सरकारच्याच तुरुंगाची भीती घालून एका मुलीला घरात कोंडायला संमती दिली. सरकारनं घरात शिरावं की नाही हा त्यांचा खरा प्रश्न नव्हता, असं मला या एका प्रकरणावरून ठामपणे वाटतं. कोणाच्या वतीनं शिरावं, हा होता.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवऱ्यानं हक्क सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या.

*

संमतिवयाचा कायदा. १८६० च्या दंडविधानात मुलीचं संमतीचं वय दहा होतं. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. सरकार हलत नव्हतं. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगानं रक्तस्राव होऊन मेली. नवरा, हरिमोहन मैती, पस्तिशीतला. मुलीनं दहा ओलांडलेली असल्यामुळं बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर लागू होईना. १८९१ च्या जानेवारीत सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडलं, १९ मार्चला कायदा झाला. वय दहाचं बारा.

दोन वर्षं. एवढ्यासाठी पुणं पेटलं होतं. सभा उधळल्या, शास्त्री-पंडित ग्रंथ काढून बसले. ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान झालंच पाहिजे, बाराच्या आत ऋतू आला तर कायदा धर्माआड येतो, असा एका पक्षाचा मुद्दा. डॉ. रा. गो. भांडारकरांनी त्याच धर्मग्रंथांतली वचनं काढून दाखवली की कायद्यानं धर्म बुडत नाही. टिळकांनी त्यांना वचनांनीच उत्तरं दिली. दोघंही संस्कृतचे मातब्बर. त्या वादातला व्यासंग थक्क करणारा आहे, आणि तो वाचताना जीव गुदमरतो. कारण सगळ्या वचनांच्या मधोमध दहा वर्षांची एक मुलगी मरून पडली आहे आणि तिच्या अंगाबद्दल, तिच्या भीतीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

भांडारकरांबद्दल एक: त्याच १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. ग्रंथांतली वचनं त्यांनी घरापर्यंत आणली.

*

टिळकांची बाजू तिच्या सर्वांत भक्कम जागी पाहायला हवी, नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही.

१८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढं एक करार मांडला. मुलींची लग्नं सोळाच्या आत करणार नाही. मुलांची विसाच्या आत नाही. चाळिशीनंतर पुरुषानं लग्न करू नये, केलंच तर विधवेशी. हुंडा नाही. दारू नाही. विधवांचं केशवपन नाही. मिळकतीचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी यावर सही करावी आणि कायदा स्वतःपुरता लावून घ्यावा.

सरकार बारा म्हणत होतं, टिळक सोळा म्हणत होते. म्हणून त्यांना केवळ जुन्याचे राखणदार म्हणणं चूक आहे. त्यांचं म्हणणं असं, की समाजाला जे आतून पटलेलं नाही ते वरून लादलं, आणि तेही ज्याला आपण मालक मानत नाही त्यानं लादलं, तर समाजाची स्वतःला सुधारण्याची ताकदच मरते. गुलाम देशात या म्हणण्याला वजन आहे. मी ते हलकं धरत नाही.

पण कराराला सही करणार कोण? ज्याच्या घरातली मुलगी आधीच सुरक्षित आहे तो. ज्याच्या घरात दहा वर्षांच्या सुनेला पस्तिशीतल्या मुलाच्या खोलीत ढकललं जाणार आहे, तो सही करणार नाही. आणि तिच्यासाठी दुसरं कोणी करू शकत नाही. आपखुशीचा नियम आपखुशीच्या घरातच चालतो. कायदा लागतो तो उरलेल्या घरांसाठी. आगरकरांना हे स्वच्छ दिसत होतं आणि म्हणून, सरकार परकं असूनही, ते कायद्याच्या बाजूनं उभे राहिले.

*

माझ्या वडिलांच्या एक आत्या होत्या, मथीआत्या. तेराव्या वर्षी विधवा. वडील लहान होते तेव्हा, म्हणजे साधारण १९३५-४० च्या सुमारास, त्या लाल आलवणात असायच्या. न्हावी मागच्या दारानं यायचा. त्या दिवशी मुलांना शेजारी पाठवून देत. मागच्या पडवीत एक पाट, पितळेचा तांब्या, आत्या भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. वडिलांनी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं होतं आणि उभ्या आयुष्यात ते त्याबद्दल एकदाच बोलले. न्हावी आत्यांपेक्षा वयानं लहान होता, म्हणाले, आणि काम संपेपर्यंत एक शब्द बोलत नव्हता.

टिळकांच्या करारात केशवपनबंदी होती १८९० मध्ये. समाज आपणहून सुधारेल म्हणून थांबायचं, तर थांबण्याची ही लांबी.

*

त्याच १८९० च्या आसपासची दुसरी गोष्ट. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. सत्यशोधकांच्या विचारातून हे आलं होतं.

शास्त्री वचनं काढत होते, सुधारक ठराव करत होते, सरकार चाचपडत होतं. आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवतो म्हटलं. कायदा नको, करार नको. पुण्याच्या पुस्तकी इतिहासात टिळक-आगरकर वादाला प्रकरणंच्या प्रकरणं मिळतात, या सभेला जेमतेम परिच्छेद. मला ती त्या दशकातल्या मोठ्या घटनांपैकी एक वाटते.

*

पंचहौद मिशनचा चहा, १८९० चा ऑक्टोबर. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी पुण्यातल्या चाळीसेक प्रतिष्ठितांना मिशनमध्ये नेलं. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. कोणी प्यालं, कोणी पेला नुसता हातात धरला, कोणी हातही लावला नाही. नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या सनातनी पत्रात छापून आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री बसले. चहा कोण प्यालं, कोणी फक्त समोर ठेवून घेतला, याच्या साक्षी झाल्या. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. तरी त्यांनाही बहिष्काराचे चटके बसलेच. १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. बहिष्कारानं अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी घेतलं, पण सुधारकांचा पुढारीच वाकला म्हणून त्यांच्या पक्षातले तरुण फार दुखावले.

मला यातलं बहिष्काराचं यंत्र समजून घ्यावंसं वाटतं. बहिष्कार म्हणजे नुसती नावं ठेवणं नव्हे. भटजी येत नाही, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, मुलाची मुंज अडते, मुलीचं लग्न अडतं, माहेरवाशिणीला सासरचे पाठवत नाहीत. ज्याचं मत वेगळं आहे त्याच्याऐवजी त्याच्या बायकामुलांना पकडायचं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा विद्यार्थिनीशी, लग्न केलं तेव्हा मुरुडला त्यांच्या घरच्यांवर हेच वरवंटे फिरले. वादात माणूस हरला नाही तर त्याचं घर हरवायचं, ही रीत तेव्हाची. आजही मोडलेली नाही.

*

रानड्यांविषयी लिहायचं तर १८७३ टाळता येत नाही. पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, वय एकतीस. वडिलांच्या आग्रहापुढं त्यांचं चाललं नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. त्या मुलीला शिकवलं, घरातल्या बायकांचा जाच सोसत ती शिकली. रमाबाई रानडे म्हणून तिनं पुढं जे उभं केलं ते सर्वांना ठाऊक आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक मराठीत राहणारं आहे. तरीही ते लग्न चूकच होतं. चांगल्या शेवटानं सुरुवात बरोबर ठरत नाही, आणि सुधारकांच्या बाजूनं बोलणाऱ्यानं हे आधी म्हटलं पाहिजे.

*

शनिशिंगणापूरचं प्रकरण चाललं होतं, २०१६ मध्ये. चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यायचं की नाही. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चौथरा खुला झाला, त्या आठवड्यात आमच्या मामाकडं जेवायला होतो.

मामा म्हणाले, "कोर्टाला देवळात काय काम? लोकांनी आपणहून उघडलं असतं की कधीतरी."

मामी वाढत होत्या. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, मग इतकी वर्षं का नाही उघडलं? कोणी हात धरला होता का तुमचा?"

मामा गप्प बसले नाहीत. मामा वाईट माणूस नाहीत, आणि त्यांचं पुढचं म्हणणंही पोकळ नव्हतं: लादलेलं टिकत नाही, माणसं आतून आणखी घट्ट होतात. जेवण होईपर्यंत चाललं. मामींना चौथऱ्यावर जायचं होतं असंही नाही. त्या कधी गेल्या नाहीत. पण 'कधीतरी' या शब्दावर त्या हटायला तयार नव्हत्या, आणि त्या संध्याकाळी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होतो.

*

१८९५, पुण्याची काँग्रेस. १८८७ पासून काँग्रेसच्या अधिवेशनानंतर त्याच मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरत असे. टिळकपक्षानं सांगितलं, यंदा मांडव मिळणार नाही. मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या. अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी पेचात. शेवटी रानड्यांनी काँग्रेस फुटू नये म्हणून माघार घेतली आणि परिषद दुसरीकडं भरवली. त्याच वर्षी सार्वजनिक सभाही त्यांच्या हातून गेली होती.

मांडव ही छोटी गोष्ट दिसते. पण त्या दिवसापासून देशाच्या राजकारणाच्या छपराखाली घरातल्या अन्यायाला जागा नाही, असं पक्कं झालं. चार दशकांनी डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं, जे त्यांना करू दिलं गेलं नाही आणि १९३६ मध्ये पुस्तक म्हणून निघालं. त्यात त्यांनी आरंभीच हा मांडवाचा प्रसंग काढला आहे. सामाजिक सुधारणेचा पक्ष हरला आणि राजकीय पक्ष जिंकला तो असा, हे ते दाखवतात. आणि मग विचारतात ते असं, की जे लोक स्वतःच्याच देशबांधवांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, ते राज्य करायला लायक कसे?

आंबेडकरांनी आणखी एक बोट ठेवलं आहे आणि ते सुधारकांना लागतं. रानड्यांच्या परिषदेला सुधारायचं होतं ते वरच्या जातींचं कुटुंब: विधवा, बालविवाह. जात मोडण्याचा प्रश्न तिनं घेतलाच नाही. फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी नकाराचं पत्र धाडलं: ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेत आम्ही कशाला? म्हणजे पुण्यात पक्ष दोन नव्हते. तिसरा होता, आणि पहिले दोघं आपापसांत भांडण्यात गुंतल्यामुळं त्यांना तो दिसत नव्हता.

*

१८९७, अमरावती. जुन्याचं पुनरुज्जीवन करा, सुधारणा कशाला, असं म्हणणाऱ्यांना रानड्यांनी सामाजिक परिषदेत विचारलं: नेमकं कोणतं जुनं? नियोग? बारा प्रकारचे पुत्र? पळवून नेण्याचा विवाह? यज्ञातली पशुहत्या? सती? आवाज न चढवता एकेक जुनी चाल त्यांनी पुढं ठेवली. परंपरा म्हणून जे आपण धरतो ते आजोबांच्या काळातलं असतं, ऋषींच्या नव्हे, हे इतक्या शांतपणे त्यांच्याआधी कोणी मांडलं नसेल.

*

आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा निघाली. गवताचा पुतळा, तिरडी, सगळं. दम्यानं खंगलेला माणूस. 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' हा निबंध त्यांनी लिहिला होता, त्याचं उत्तर लोकांनी असं दिलं. १७ जून १८९५ ला ते खरोखर गेले, वय एकोणचाळीस पुरं व्हायला महिनाही उरला नव्हता. उशाशी दहनखर्चाचे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. फर्ग्युसनचे प्राचार्य होते तेव्हा ते.

टिळकांनी त्यांच्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. गोखले १९१५ मध्ये गेले तेव्हाही टिळक सिंहगडाहून खाली आले आणि स्मशानात बोलले. पुण्याला या दोन गोष्टींचा अभिमान आहे. असावा. पण तिरडी काढणारे कोण होते, त्यांना कोणी आवरलं का, हेही त्याच अभिमानाच्या शेजारी विचारावं.

*

१९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद झाली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी घडवून आणलेली. टिळक आले, अस्पृश्यतेविरुद्ध कडकडून बोलले. व्यक्तिशः आपण अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या, तेव्हा त्यांनी सही केली नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सुधारकांना 'आधी स्वतः सही करा' म्हणणारे तेच.

शिंद्यांचं नाव पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलाला आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच पुलावर गोळ्या घातल्या. ज्यासाठी ते झगडत होते ते जादूटोणाविरोधी विधेयक कित्येक वर्षं विधिमंडळाच्या पायऱ्यांवर अडकलं होतं. धर्मात हात, श्रद्धेवर घाला, आधी लोकांना समजवा मग कायदा: तेच सगळे मुद्दे, १८९१ चे. खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. जे मुद्दे वर्षानुवर्षं अडचणीचे होते ते चार दिवसांत कुठं गेले? मला याचं उत्तर आजवर कोणा पुढाऱ्याकडून ऐकायला मिळालं नाही, आणि त्याचा राग जात नाही.

*

सनातनी पक्षाचा एक मुद्दा इतिहासानं खरा ठरवला, तोही नोंदवतो. नुसता कायदा फारसं करत नाही. १८९१ च्या कायद्याखाली खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९२९ च्या सप्टेंबरात सारडा कायदा झाला, मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली. कायद्याच्या आधी उरकून घ्या! मग पुढं १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस झालं, आणि आजही बीड-जालन्याकडं ऊसतोडीच्या हंगामाआधी लग्नं लागतात, कारण कोयत्याला जोडी लागते आणि वयात आलेली मुलगी पालावर एकटी ठेवायची भीती वाटते. तिथं ना शास्त्र आडवं येतं ना परकं सरकार. तिथं पोट आहे. आगरकर असते तर त्यांनी यावर अग्रलेख लिहिला असता, आणि मला वाटतं टिळकांनीही.

*

रखमाबाईंची आणखी एक नोंद राहिली. सुरतेला आणि मग राजकोटला त्यांनी डॉक्टर म्हणून जन्म काढला, पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदीत, त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. आंबेडकरांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचा हा तुकडा. त्यानं हिंदू बाईला घटस्फोट दिला. आणि कलम ९ मध्ये, ज्या दाव्यावरून रखमाबाईंना तुरुंग दाखवला गेला होता, तो दांपत्यहक्काच्या पुनर्स्थापनेचा दावा तसाच ठेवला. आता नवरा-बायको दोघांनाही तो लावता येतो, आणि हुकूम मोडला तर तुरुंगाऐवजी मालमत्तेवर जप्ती येते. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत कायम केलं. इंग्लंडनं स्वतःकडचा हा उपाय १९७० मध्येच काढून टाकला. आपल्याकडं २०१९ मध्ये त्याविरुद्ध पुन्हा याचिका दाखल झाली आहे.